सोमवारचा नळ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे प्राध्यापक पट्टी काढून तपासणीच्या खोलीतून बाहेर आले.

“सर, काय म्हणाले डॉक्टर?”

“सगळ्यात खालची ओळ वाचली, मावशी! याच डोळ्यानं!”

“हुश्श! आठ दिवस जीव टांगणीला लागला होता.”

“कॉस्टिक सोडा उडाला की डोळ्यात आत आत खात जातो म्हणे. तिथल्या तिथे धुतला म्हणून वाचलो. किती वेळ धुतला, विचारत होते.”

“वीस मिनिटं. घड्याळ बघूनच तुमची मान नळाखाली धरली होती.”

“मी फार ओरडलो का हो?”

“नोकरीवरून काढतो म्हणालात. दोनदा. मी म्हटलं, आधी डोळा उघडा, मग मला काढा.”

“आणि तेव्हा माझा प्रयोगशाळेतला गॉगल कुठे होता?”

“कपाळावर! वाफ धरली म्हणून वर सरकवलात. पोरांनी असं केलं की वर्गाबाहेर काढता तुम्ही.”

“डोळे धुवायचा तो नळ तुम्ही दर सोमवारी थोडा वेळ वाहता ठेवायच्या. पाणी वाया घालवता म्हणून मी मेमो दिला होता...”

“एरवी तो कुणी वापरत नाही, पाइपात गंज साचतो, सर. नाहीतर तेच लाल पाणी तुमच्या डोळ्यात गेलं असतं.”

“फाडून टाका तो मेमो.”

“फाडते कशाला? काच लावून नळाच्या वर टांगलाय. सोमवारी पोरांना तुम्हीच वाचून दाखवायचा. याच डोळ्यानं!”