मी डॉक्टरांना का चावले
मी दातांच्या डॉक्टरांना चावले, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. का चावले, हे एकानेही विचारलं नाही.

दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं, निम्मं तोंड बधिर. तेवढ्यात डॉक्टरांचा मोबाइल वाजला. हातमोजे न काढताच उचलला. "हिंजवडीहून बस सुटली का? मग सातला या." दिवसभर कुठेकुठे ठेवलेला तो फोन परत खिशात, आणि तेच हात माझ्या तोंडाकडे!

मी ओरडले, पण शब्दच फुटेना. त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं, तर त्यांनी माझाच हात धरला. "घाबरू नका आजी."

मी? घाबरते? जोरात मान हलवली.

"अजून दुखतंय? आणखी एक इंजेक्शन देऊ?"

मी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"घरी फोन करायचाय? आधी दाढ काढू." आणि घातली की बोटं आत!

काय करणार? चावले.

"अहो आजी!" त्यांनी हात मागे घेऊन निरखला. बोट शाबूत होतं, हातमोजा तेवढा फाटला होता. पुटपुटत दोन्ही मोजे कचऱ्यात टाकले, साबणाने हात धुतले, नवी जोडी चढवली.

मग मी आपणहून तोंड उघडलं.