तुडुमाची दोन कुलपं

मला सांग गड्या, विश्वास ठेवायचा कोणावर, माणसावर की कुलपावर? सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास आमच्या मोहाडीकडच्या तलावावर वरच्या आणि खालच्या धानाच्या बांधीवाल्यांचा एकमेकांवर इतका संशय, की पाणी सोडायच्या दारालाच, तुडुमालाच, दोन कुलपं लावली. भंडाऱ्याच्या एकाच दुकानातून जोडीनं आणलेली. एक चावी वरच्या पाटलांकडे, दुसरी खालच्यांतर्फे माझ्याकडे. दोघं हजर असले तरच पाणी सुटणार.

एकदा माझी पाण्याची पाळी आली. धान गर्भात, बांधीला भेगा, आणि पाटील गेलेले पोरीच्या सासरी तुमसरला.

पाणी वाटणारा पाणकर म्हणाला, "शेठ, आता कसं कराचं जी?"

रागारागात मी माझीच चावी पाटलांच्या कुलपात खुपसली. खट्कन उघडलं!

पाणी सुटलं, जीव भांड्यात पडला. अन् लगेच मनात आलं. माझी चावी त्यांच्या कुलपाला लागते, तर त्यांची?

पाटील परतल्यावर मीच म्हणालो, "पाटील, तुमचं कुलूप मी उघडलं."

"बरं केलं शेठ. धान वाचलं ना?" म्हणाले, अन् सुपारी कातरू लागले. कसं उघडलं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

तुझ्या नहराची, कालव्याच्या दाराची चावी आता तुझ्याकडे आहे म्हणतोस. कुलपाचं सोड, पाळीचा हिशोब तेवढा खरा ठेव, बाबा.