पाणी तरंगलं तेव्हा

व्यासपीठावर स्थानापन्न अध्यक्ष महोदया, प्राचार्य, सत्कारमूर्ती जयराम सर, आणि चहाच्या वासावरून माझं भाषण कधी संपेल याचा अंदाज बांधणारे मागच्या रांगेतले रसिकहो,

मी संस्कृतचा विद्यार्थी, पोटासाठी वार्ताहर. मुरबाडच्या या कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांना निरोप द्यायला मी कशाला? तर एका परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नव्या टेबलांची बातमी करायला आलो होतो, आणि टेबलं पाहायचीच राहिली.

वैशाखरे गावची कुणाली तेव्हा शेवटच्या वर्षाला. पाण्यात विरघळवलेलं कॅफीन क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्यायचं, मग क्लोरोफॉर्म तापवून उडवायचं आणि उरलेलं कॅफीन परीक्षकांपुढे ठेवायचं. दुसरी संधी नाही. दोन्ही द्रव बिनरंगी. तोटीच्या नरसाळ्यात हलवले तसे दुधाळ झाले. मग माळशेजचं धुकं उतरावं तसं सगळं निवळलं. दोन थर, मधे नुसती एक रेघ. स्वप्नात दार दिसावं, तशी.

कुणालीनं खालचा थर पाणी म्हणून काढून टाकला आणि वरचा तापवत ठेवला. क्लोरोफॉर्म भुर्रकन उडायला हवं, हे ढिम्म.

"सर, उडत नाय. मी खालचं टाकलं."

"कुठं? मोरीत?"

"नाय, बीकरात. तुमीच ओरडता ना!"

परीक्षा संपेपर्यंत कुठलाही थर मोरीत ओतायचा नाही, हा सरांचा दंडक.

"मग रडतेस कशाला गो? पाण्याचा एक थेंब सोड त्यात."

तिनं सोडला. थेंब बुडेना. गोल मणी होऊन वरच डुलत राहिला.

"सर, पाणी तरंगतंय!"

"तरंगणारच. घरी तेल वर, मागच्या प्रयोगात ईथर वर; म्हणून तू पाण्याला कायमचं तळाला बसवलंस. पाण्याला विचारलंस का?"

मी मधे तोंड घातलं, "पण सर, पाणी तर चौपट होतं. एकूण वजन त्याचंच जास्त. मग ते वर कसं?"

"वार्ताहर, ढीग मोजू नका. दोन्हींचा एकेक चमचा तोला. सारख्या जागेत ज्याचं वजन जास्त, ते खाली. त्यालाच घनता म्हणतात."

पडण्याचं कारण गुरुत्व, एवढं आम्हाला न्यायशास्त्रानं शिकवलं होतं. चमचा कुणी दिला नव्हता.

बीकरातलं ते 'टाकलेलं' आटवलं आणि तळाशी पांढरे स्फटिक उमटले, तोवर परीक्षक दारात. ती पास झाली. आज ती इथंच शिकवते, आणि सूत्रसंचालिका म्हणून मघापासून मला घड्याळ दाखवतेय.

सर, उद्यापासून तुम्ही सापगावला घरच्या ओटीवर बसाल. इथं मात्र दुपारच्या उन्हात तो मणी मला अजून तरंगताना दिसतो. त्याला ना वर जायची घाई, ना खाली.

मला बोलू दिलंत, आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही टाकाऊ वाटलं असेल तर क्षमा असावी. पण लगेच मोरीत ओतू नका. सर निघेपर्यंत टेबलावर राहू द्या.