भोंग्यावर वाढलेली डुकरं

डुकराची पिल्लं पाळलीयत का रे कोणी? आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पाळली होती. डिलाईल रोडला, गिरण्यांच्या संपात. चाळीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी भोपळा लावला आणि तीन पिल्लं आणली. जमीन पिल्लं उकरणार, खतही तीच देणार, भोपळा आम्ही खाणार आणि साली त्यांना घालणार.

पण तात्या जन्माचे गिरणीतले; आधी बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवसापुरते, आणि मग कायम. भोंगा झाल्याशिवाय दिवस सुरू होतो, हेच त्यांना पटेना. रोज सकाळी रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून ते "भोंऽऽऽ" करायचे, मगच साली टाकायचे.

आई म्हणायची, "अहो, डुकरं आहेत ती!"

"म्हणून काय शिस्त नको?"

मग एका सकाळी मालकाने गिरणीचा खरा भोंगा वाजवला. कामगार फुटतायत का, बघायचं होतं त्याला. सगळी चाळ गेटवर धावली. तात्या सर्वांत पुढे, हात पसरून उभे. "आज जो आत जाईल, त्याने चाळीच्या नळाला हात लावायचा नाही!"

तेवढ्यात आमची तिन्ही पिल्लं मागून सुसाट आली आणि तात्यांच्या पायांमधून थेट गेटाच्या आत.

शेजारचे शंकरकाका हळूच म्हणाले, "तात्या, तुमच्याच घरातले फुटले की हो!"

तात्यांनी टोपी सरळ केली.

"कायम कामगार एकही फुटलेला नाही. ती बदलीवर आहेत."