तीन फ्लॉप्या, तीन गावं

…न्हाय, आता तुमीच सांगा, ठेवायचं कुठं? हसू नका! फ्लॉपी एवढीशी, शर्टाच्या खिशात मावती, पन तिच्यात चारशे बारा शेतकऱ्यांच्या उसाची नोंद! कुनी कवा लावला, त्यावरनं कुनाची तोड आदी, कुनाची मागनं… आन् ती सांभाळनारा मी, ज्ञानदेव, कारखान्याच्या गट ऑफिसातला कारकून. नोंद गेली की नोकरी गेली!

कंप्युटर बसवायला मेघना मॅडम आलेल्या. म्हनल्या, "ज्ञानदेवराव, हे यंत्र कधीही बंद पडेल. तीन प्रती काढा, पण एकाच संकटात तिन्ही सापडतील अशा जागी ठेवू नका." झालं! डोक्यात किडा सोडून बाई गेल्या. तुमाला सांगतो, आठ दिस जेवनात ध्यान न्हाय. ठेवायचं कुठं? एका छपराखाली नको, आग लागंल. दोन पान्याकडंला नकोत, उजनीचं धरन चढंल. एका डीपीवर नकोत… आता फ्लॉपीला वीज लागत न्हाय, पन इचार केला! शेवटी एक भिगवनला धाकट्या बहिनीकडं, द्वारकाकडं. दुसरी लोणी भापकरला मावशीकडं. तिसरी काटेवाडीला साडूकडं. काय वाटनी! मलाच माझं कौतिक वाटलं हो!

आन् तोडीची यादी काढायची त्याच सोमवारी कंप्युटर बंद पडून बसला. मी म्हनलं, बसू द्या की! यष्टीनं भिगवनची आनली. कोरी! लोणीची आनली. कोरी! काटेवाडीची फुकून, पुसून घातली… कोरी! तीन गावं, तीन छपरं, मग बिघाड झाला कुठं?

द्वारकाला इचारलं. "आरं दादा, मागल्या आठवड्यात सुकन्याच्या लग्नाला घर बंद करून निगाले, तुजी वस्तू माघारी टाकू व्हय? दागिन्यांसंगं घेतली!" मावशीनं बी घेतली. साडूनं बी घेतली. आन् सुकन्याची आई, आमची थोरली बहीन, म्हनली, "जोखमीचं हाय, समदं एकाच पेटीत ऱ्हाऊ द्या." पेटीला कुलूप. आन् मांडववाल्यानं त्या पेटीवर ठेवला स्पीकर… दोन दिस! मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं! सगळं पुसलं गेलं!"

आता दारोदार फिरतोय. "ऊस कवा लावला?" "समद्यांच्या आदी!" चारशे बारा जनांनी समद्यांच्या आदी लावलाय!

मॅडम म्हनतात, "छप्पर बघितलंत, पाणी बघितलंत, नातं नाही बघितलं. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशी घरं शोधा." आता बारामती-इंदापुरात असली घरं ठेवलीत कुठं? तरी काल इंदापुरात गाठला एक, मानसिंगराव. ना वळख, ना पाळख. लई बरं वाटलं! बसलो. "पाव्हनं, मामाचं गाव कुठलं तुमचं?" चहा अर्धा व्हायच्या आत मानूस माझ्या बायकोच्या मावसबहिनीचा दीर निघाला… आन् पोरीच्या लग्नाची पत्रिका हातात देऊन म्हनला, "समद्यांनी यायचं बरं का, घरी कुनी थांबायचं न्हाय!"