कतीफची अजान आधी

"जप करताना दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये," सासूबाई सांगायच्या. पण हुफूफच्या इस्पितळात, ड्युटी संपवून पेरांवर जप करणाऱ्या नर्स सुधाच्या कानी रत्नागिरीची मराठी पडली. वीजखात्यातला हुसेनमियाँ दिवस भरलेल्या बायकोला, हफीजाला, समजावत होता.

"लढाईमुळे हुफूफ-कतीफ लाइनवर भार वाढलाय. तार विजेला किती अडवते ते काढायचंय. दोन्ही टोकांचे मीटर एकाच क्षणी वाचले, तर उत्तर शून्याच्या खाली!"

"म्हणजे?"

"म्हणजे तार अडवत नाही, उलट ढकलते! साहेब म्हणतात, आकडा सुधार, मगच सुट्टी."

"आणि बाळ आलं तर? एकच क्षण कसा धरलात?"

"सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली की मी इथं वाचायचं, जोडीदार शारीकनं कतीफला."

हफीजा पोट धरून हसली. "अहो, शारीकभाईंची तस्नीम कतीफहून फोनवर असते तेव्हा तिच्याकडची अजान आधी ऐकू येते, मग आपली! तिकडे सूर्य आधी मावळतो!"

"या अल्ला! तेवढ्या वेळात भार बदलतो!"

"फोनवरच 'यल्ला', चला, म्हणा नि दोघं एकदम वाचा."

"बाळाआधी परत येतो. वचन! पण तू एकटी..."

"मी इथलीच नर्स," सुधा हळूच म्हणाली. "मी बसते हिच्याजवळ."

तिची बोटं पुन्हा पेरांवर फिरू लागलेली पाहून हुसेनमियाँ अजानची वाट न पाहता, पाय न वाजवता मीटर वाचायला निघाला.