गणपतरावांचा वाकडा दांडा

माझं काम कधी चुकलं का, विचारता? एकदा चुकलं. भोकरच्या गणपतरावांचा वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर मी नव्यासारखा केला. गिअरचा वाकलेला दांडाही तापवून सरळ केला. कामात खोट मला चालत नाही.

न्यायला नवराबायको आले. गणपतराव सीटवर चढले, गिअरकडं हात नेला, तो अर्ध्यावरच अडला.

"मिस्त्री, हा माझा ट्रॅक्टर न्हाई," म्हणाले आणि उतरू लागले.

बायको माझ्यावर उखडली. "खांदा मोडल्यापासून ह्यांचा हात पुढं जात न्हाई. म्हणून ह्यांनीच दांडा वाकवून घेतला व्हता. सरळ करायला कुणी सांगितलं तुमाला?"

मी म्हणालो, "गणपतराव, बसूनच रहा."

गॅस पेटवला. त्यांचा हात पोचेल तिथवर दांडा पुन्हा वाकवला. दांडा निवल्यावर त्यांनी न बघता गिअर टाकला.

आयुष्यात मुद्दाम वाकडं केलेलं काम ते एकच. तेच सगळ्यात बरोबर झालं.